पहिलं घर वाळूचं होतं : फोरामिनिफेरांच्या कवचाची सुरुवात

वाळूकण

शंख-शिंपल्यांच्या धाग्यावर मी मध्ये एक ओळ टाकून गेले होते, की किनाऱ्यावरच्या वाळूत दिसणारी सगळीच वळणदार कवचं गोगलगाईंची पिल्लं नसतात, त्यातली कित्येक एकाच पेशीच्या जीवांची असतात. त्यावर चार जणांनी 'वेगळा धागा काढा' म्हणून सांगितलं, म्हणून हा प्रपंच. एमएस्सीला असताना दोन वर्षं मी ही कवचं मोजली आहेत, काळ्या तबकडीवर पसरून, तीन शून्यांच्या कुंचल्याने एकेक उचलत. पुढे नोकरी वेगळ्याच क्षेत्रात झाली, पण या जीवांचा लागलेला लळा सुटला नाही.

यांचं नाव फोरामिनिफेरा. अभ्यासणारे थोडक्यात 'फोरॅम' म्हणतात. समुद्रात राहणारा, एका पेशीचा, बहुधा राईच्या दाण्याहून लहान जीव. आज जिवंत असलेल्या जातीच नऊ हजारांच्या आसपास आहेत. नाव दिलं फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्सीद दॉर्बिन्यी यांनी, १८२६ साली. कवचातल्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायला भिंतीत भोक असतं, त्या भोकाला लॅटिनमध्ये फोरामेन म्हणतात, त्यावरून. पण दॉर्बिन्यींना वाटलं होतं की हे माकूळाच्या कुळातले अगदी चिमुकले प्राणी आहेत. कवच इतकं देखणं, कप्पे इतके शिस्तीत, म्हणजे आत कुणीतरी अवयववाला प्राणी असणारच, असा तर्क. १८३५ मध्ये फेलिक्स द्यूजार्दँ यांनी जिवंत फोरॅम नीट निरखून सांगितलं की आत डोकं, पोट, स्नायू काहीही नाही. आहे तो नुसता वाहता, चिकट जीवद्रव्याचा थेंब.

या थेंबातून बारीक धागे बाहेर पडतात, एकमेकांत मिसळतात, फुटतात आणि कवचाभोवती जाळं पसरतं. हे त्याचे छद्मपाद. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एकाच धाग्यातून कण एकाच वेळी दोन्ही दिशांना धावत असतात. खाणं पकडणं, सरकणं, चिकटून राहणं, सगळं या जाळ्यावर चालतं. पुढे जे सांगायचं आहे त्यात हे जाळं फार महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता मूळ विषय. कवच म्हटलं की आपल्याला चुना आठवतो. साहजिक आहे, कोकणात पूर्वी घर बांधायचा चुना शिंपल्यांच्याच भट्टीतून यायचा. फोरॅमची जी कवचं पुस्तकांतून छापून येतात तीही बहुतेक चुन्याची. पण ज्यावर आज फारसा वाद उरलेला नाही असं फोरॅमचं सगळ्यात जुनं कवच वाळूचं आहे. समुद्रतळावर पडलेले खनिजांचे कण गोळा करायचे आणि स्वतःच्या शरीरातून पाझरलेल्या सेंद्रिय डिंकाने ते जोडायचे, अशी ती बांधणी.

त्याचं नाव प्लॅटिसोलेनाइट्स अँटिक्विसिमस. हे नाव आइखवाल्ड यांनी १८६० साली दिलं, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'अतिप्राचीन'. बाल्टिक प्रदेशात कँब्रियन काळाच्या अगदी सुरुवातीच्या मातकट थरांत या नळ्या सापडतात. काही मिलिमीटर जाडीची, बहुधा दाबाने चपटी झालेली साधी नळी. कप्पे नाहीत, नक्षी नाही. वय सुमारे ५३ ते ५४ कोटी वर्षं. अशी नळी हातात आली की कुणीही 'ही कृमीची नळी' म्हणूनच बाजूला ठेवेल, आणि बराच काळ तसंच झालं. २००१ मध्ये डंकन मॅकिलरॉय, ओवेन ग्रीन आणि मार्टिन ब्रेझियर या तिघांनी या नळ्यांच्या भिंतीची ठेवण बारकाईने तपासली आणि आज खोल समुद्रात राहणाऱ्या बॅथीसायफन नावाच्या फोरॅमशी ती ताडून पाहिली. रचना जुळली. उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्क भागातून याच नळीचा एक गुंडाळलेला भाऊबंदही त्यांनी पुढे आणला, स्पायरोसोलेनाइट्स. म्हणजे नळीला वेटोळं घालायची युक्तीही कँब्रियनच्या आरंभीच होती.

मला या नळीचं अप्रूप संपत नाही. ट्रायलोबाइट (समुद्रातले प्राचीन, कवचवाले प्राणी) अजून यायचे आहेत, माशांचा पत्ता नाही, आणि एक पेशी वाळू वेचून भिंत रचते आहे.

पण ही सुरुवात नव्हेच. २००३ मध्ये जिनिव्हाच्या यान पाव्लोव्स्की यांच्या गटाने जिवंत फोरॅमच्या जनुकांची तुलना करून वंशवृक्ष मांडला. त्यातून निघालेलं चित्र असं: फोरॅमचा उगम ६९ ते ११५ कोटी वर्षांपूर्वी कधीतरी झाला, आणि कप्प्याकप्प्यांची कवचं येण्याच्या खूप आधी एककप्पी जीवांच्या भरपूर शाखा फुटून झाल्या होत्या. यातल्या बऱ्याच शाखांकडे वाळूचंही कवच नव्हतं, फक्त मऊ सेंद्रिय पिशवी. ती मेल्यावर काही दिवसांत कुजते. खडकात काय उरणार?

हे नुसतं कागदावरचं गणित नाही, तसे जीव आजही आहेत. रेटिक्युलोमिक्सा हा गोड्या पाण्यातला, पूर्ण उघडा जीव. त्याला कवच नाहीच, सगळं अंग म्हणजे जाळं. तो फोरॅमच आहे हे १९९९ साली जनुकांवरून ठरलं. आणि जपानी यंत्राने पॅसिफिकमधल्या चॅलेंजर डीप या समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या तळावरून, १०,८९६ मीटर खोलीवरून आणलेल्या गाळात चारशेहून जास्त जिवंत फोरॅम निघाले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात मऊ भिंतीच्या जुन्या वळणाच्या जीवांचाच भरणा होता. तेवढ्या खोलीवर चुना पाण्यात विरघळतो, मऊ पिशवीला मात्र ती अडचण नाही.

म्हणून मला वाटतं, 'फोरॅमचा इतिहास ५४ कोटी वर्षांचा' हे जे सर्रास छापलं जातं ते बदलायला हवं. तो टिकाऊ भिंतींचा इतिहास आहे. राहणारे त्याआधीपासून होते.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

—

अपर्णा_क

वाळूकणताई, एका दमात वाचलं. मला एक कळत नाहीये. मेंदू नाही, डोळे नाहीत, मग कण 'वेचतो' कसा? जो लागेल तो चिकटतो असंच ना?

—

निवती

मस्त धागा. वाचतोय.

—

वाळूकण

अपर्णा, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यावर मोठी माणसं भांडली आहेत.

काही जाती खरोखरच मिळेल ते घेतात. पण काही फार चोखंदळ असतात. टेक्निटेला थॉम्पसोनी नावाची जात आपलं कवच फक्त कंटकचर्म (तारामाशांच्या गटातल्या) प्राण्यांच्या शरीरातल्या सच्छिद्र तबकड्यांनी बांधते. आजूबाजूला वाळूचा ढीग असला तरी तिला ती तबकडीच हवी. काही जाती स्पंजाच्या सुया घेतात आणि त्या एकाच दिशेने रचतात. इंग्लंडमधल्या एडवर्ड हेरॉन-अॅलन आणि आर्थर अर्लंड या जोडीने अशा जातींचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि हेरॉन-अॅलन तर उघड म्हणायचे की या जीवांत हेतू आणि बुद्धी आहे. त्यावर त्यांना टीका सोसावी लागली.

बुद्धी म्हणायची गरज मला वाटत नाही, पण 'लागेल तो चिकटतो' इतकं सोपंही ते नाही. अंटार्क्टिकातली अॅस्ट्रॅमिना रारा ही यातली सगळ्यात नीट तपासलेली जात. सॅम बाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं कवच अलगद काढून पेशी उघडी केली आणि समोर कण ठेवले. जाळं पसरलं, कण ओढून आणले गेले, अंगाभोवती रचले गेले आणि डिंक पाझरून घट्ट झाले. वाळूऐवजी काचेचे मणी दिले तरी तिने घर बांधलं. म्हणजे कारागिरी जाळ्यात आहे. ज्या धाग्यांनी ती खाणं ओढते त्याच धाग्यांनी ती दगड ओढते.

आणि इथेच सुरुवातीचं एक उत्तर मिळतं असं मला वाटतं. जाळं आधी होतं, खाण्यासाठी. खाण्याबरोबर माती येणारच. ती बाहेर टाकण्याऐवजी अंगाला चिकटवून ठेवणारा जो कुणी निघाला, त्याला आयती भिंत मिळाली. चुना करायला पेशीला समुद्राचं पाणी आत घेऊन त्याची आम्लता बदलावी लागते, त्यात शक्ती खर्च होते. वाळू फुकट होती.

—

भूस्तर

लेख चांगला आहे, पण एका ठिकाणी हात आखडता घ्यायला हवा होता. ६९ ते ११५ कोटी हा अंदाज म्हणजे ४६ कोटी वर्षांची फट. तेवढ्या काळात कँब्रियनपासून आजपर्यंतचं जवळपास सगळं प्राणिजीवन बसतं. जनुकांत साठत गेलेल्या बदलांवरून काळ मोजायचं हे रेणूंचं घड्याळ एका चालीने चालत नाही. खडकात पुरावा दाखवल्याशिवाय मी उगमाची तारीख मान्य करत नाही. तीस वर्षं खडकांत काढली आहेत, कदाचित त्यामुळे असेल.

—

वाळूकण

भूस्तरकाका, हरकत मान्य. आणि फोरॅमच्या बाबतीत तर जरा जास्तच मान्य, कारण त्यांचं रायबोसोमचं (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचं) जनुक इतर जीवांच्या मानाने भलतंच वेगाने बदललं आहे. त्यामुळे सुरुवातीला वंशवृक्ष काढणाऱ्यांची चांगलीच फसगत झाली. खूप बदललेलं जनुक पाहून फोरॅम हे केंद्रकवाल्या सगळ्या जीवांच्या बुडाशी फुटलेली पुराणी फांदी आहे असं वाटलं. २००१ मध्ये पॅट्रिक कीलिंग यांनी अॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक घेतलं तेव्हा फोरॅम सर्कोझोआ नावाच्या गटाशेजारी जाऊन बसले. आज त्यांचे अगदी जवळचे नातेवाईक म्हणजे रेडिओलारिया, ज्यांचे सांगाडे बहुधा सिलिकाचे असतात. तेव्हा एका जनुकावर तारीख टांगू नये हे खरंच.

तरी क्रम बदलत नाही, काका. आधी मऊ, मग वाळूचं एककप्पी, मग बहुकप्पी, हा क्रम जनुकं आणि खडक दोन्हीकडून तोच येतो. तारखेवर भांडू, क्रमावर नको.

—

भूस्तर

क्रमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आता खडकातलं जे माझ्या माहितीत आहे ते लिहितो.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाकडे चुआर नावाचा खडकांचा गट आहे, सुमारे ७३ ते ७५ कोटी वर्षांचा. त्यात फुलदाणीच्या आकाराची सूक्ष्म कवचं मिळतात, एक टोक गोल आणि दुसरं उघडं. १९७७ साली बॉनी ब्लोसर व सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली तेव्हा त्यांना ती कायटिनोझोआ या दुसऱ्याच गटाची वाटली. पुढे सुसाना पोर्टर यांनी अँड्र्यू नॉल यांच्याबरोबर काम करून दाखवलं की ती कवचवाल्या अमीबांची आहेत. यांचे वंशज आज बहुतेक गोड्या पाण्यात आणि शेवाळात राहतात, पण तेव्हाचे हे समुद्रात होते. ते फोरॅम नाहीत, ती फांदीच वेगळी. म्हणजे कवच करण्याची कल्पना एकपेशीयांना एकदाच सुचली असं नाही, वेगवेगळ्या फांद्यांवर ती स्वतंत्रपणे आली.

यातल्या काही कवचांवर अर्धचंद्राकृती तोडलेल्या जागा आहेत, कुणीतरी चावा घेतल्यासारख्या. पंच्याहत्तर कोटी वर्षांपूर्वी एक पेशी दुसऱ्या पेशीचं कवच फोडून आतलं खात होती. कवच का आलं याचं मला पटणारं कारण हेच आहे, कुणीतरी खायला टपलेलं होतं.

दुसरा पुरावा मंगोलिया आणि नामिबियाचा. पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोठली होती तो स्टुर्टियन हिमकाळ, साधारण ७१.७ ते ६६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो संपल्यावर लगेच जो चुनखडक साचला, त्याचे तुकडे एमआयटीच्या तान्या बोसाक यांच्या गटाने आम्लात विरघळवले. चुना गेला आणि तळाशी राहिली कण चिकटवून केलेली सूक्ष्म कवचं. २०११ आणि २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मंगोलियातली काही लांबट नळ्यांसारखी कवचं फोरॅमची असू शकतात असं त्यांनी मांडलं. 'असू शकतात', एवढंच. पण तुमच्या क्रमाला जर कुठे खडकात आधार मिळायचा असेल तर तो इथे.

—

वाळूकण

काका, चाव्यांचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, मी लेखात घालायला हवं होतं. मंगोलियाचं मी मुद्दाम टाळलं होतं, तुम्ही रागवाल म्हणून.

—

दूरदेशी

मॉन्ट्रियलहून लिहितोय. भूस्तरांच्या 'असू शकतात' वरून इथली एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच विषयाची आणि याच गावातली आहे.

१८५०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लोगन यांच्याकडे ओटावा नदीच्या परिसरातून काही दगड आले. सर्पेंटाइन या हिरव्या खनिजाचे आणि कॅल्साइट या पांढऱ्या, चुन्याच्या खनिजाचे पातळ पापुद्रे आलटून पालटून, एखाद्या जीवाने थरावर थर चढवल्यासारखे. खडक अतिशय जुना, त्या काळी ज्यात जीवसृष्टी असणं शक्यच नाही असं मानलं जायचं तसला. मॅकगिल विद्यापीठाचे प्राचार्य विल्यम डॉसन यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि जाहीर केलं की हा महाकाय फोरामिनिफेरा आहे. १८६५ मध्ये नाव छापून आलं, इओझून कॅनडेन्स, म्हणजे कॅनडाचा उषःजीव. फोरॅमचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार विल्यम कार्पेंटर यांनी लंडनहून दुजोरा दिला. डार्विननेही आपल्या मुख्य ग्रंथाच्या १८६६च्या चौथ्या आवृत्तीत त्याचा उल्लेख केला, कारण कँब्रियनच्या आधी काहीच कसं सापडत नाही ही त्याची मोठी अडचण होती आणि हा दगड ती सोडवत होता.

पण त्याच वर्षी आयर्लंडमधल्या गॉलवेचे किंग आणि राउनी हे दोन प्राध्यापक म्हणाले, हे जीवाश्म नाहीतच, उष्णतेने आणि दाबाने खनिजांचे असे थर आपोआप होतात. वाद जवळजवळ तीस वर्षं चालला. १८७९ मध्ये जर्मनीतून कार्ल म्योबियस यांनी विरोधात मोठा प्रबंध लिहिला. शेवटी १८९४ मध्ये इटलीत व्हेसुव्हियसच्या जुन्या उद्रेकांतून बाहेर फेकल्या गेलेल्या चुनखडकाच्या तुकड्यांत हुबेहूब तसेच थर दाखवले गेले. ज्वालामुखीत भाजलेल्या दगडात हीच नक्षी मिळते म्हटल्यावर विषय संपला. डॉसन यांच्यापुरता मात्र तो संपला नाही. १८९९ साली ते गेले, तोपर्यंत त्यांचं मत बदललं नव्हतं.

मी हे वाचल्यापासून मला डॉसन यांची कणव वाटते. दगड चुकीचा निघाला, पण कँब्रियनच्या आधी एकपेशीय कवचवाले असले पाहिजेत हा त्यांचा अंदाज खोटा नव्हता.

—

भूस्तर

दूरदेशी, छान लिहिलंत. फक्त कणव वाटली तरी शिकायचं ते किंग आणि राउनींकडून.

—

मुग्धा_९

ताई, चुना मग आला कधी? आणि एका कप्प्याचे अनेक कप्पे कसे झाले? ते नाण्यासारखे जीवाश्म असतात तेही हेच का?

—

वाळूकण

मुग्धा, हे पुढचं प्रकरण, थोडक्यात सांगते.

आधी सेंद्रिय डिंकाने वाळू जोडायचे, पुढे काही शाखांत त्या डिंकात चुना येऊ लागला, आणि मग वाळू मागे पडून भिंतच चुन्याची झाली. हे एकदाच झालं नाही. २०१३ मध्ये पाव्लोव्स्की, मारिया होल्झमान आणि यारोस्वाव टिश्का यांनी बहुकप्पी फोरॅमचे दोन मोठे गट मांडले. एकात कप्पे मुळात नळीसारखे, दुसऱ्यात गोलसर. दोन्ही गटांत वाळूचं कवच करणारेही आहेत आणि चुन्याचं करणारेही. म्हणजे नळीवाल्यांनी चुना वेगळा शोधला आणि गोलवाल्यांनी वेगळा. भिंतही वेगळी दिसते. नळीवाल्यांपैकी मिलिओलिड नावाचे फोरॅम कॅल्साइटच्या सुया पेशीच्या आत बनवून बाहेर आणून रचतात, त्यामुळे त्यांचं कवच चिनी मातीच्या कपासारखं पांढरं, अपारदर्शक. गोलवाल्यांचं बहुधा काचेसारखं, बारीक छिद्रांचं.

कार्बनिफेरस काळात या बहुकप्पी जीवांना खरा बहर आला. तेव्हाचे फ्युझुलिनिड गव्हाच्या दाण्याएवढे आणि त्याच आकाराचे होते. काही ठिकाणी सगळा चुनखडकच त्यांचा. पर्मियन संपताना, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, ते शेवटच्या दाण्यापर्यंत नाहीसे झाले. पाण्यात तरंगणारे फोरॅम तर अगदी अलीकडचे, जुरासिकमधले. त्याआधीची सगळी वंशावळ तळावर सरपटणारी.

नाणी म्हणजे न्युम्युलाइट्स, तेही फोरॅमच, पण इओसीनमधले, म्हणजे या गोष्टीत फार उशिराचे. कच्छमध्ये पायाखाली पडलेले मिळतात. इजिप्तच्या पिरॅमिडच्या दगडातही आहेत, आणि स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की तिथे लोक त्यांना मजुरांच्या जेवणातल्या उरलेल्या मसुरीचे दगड झाले असं सांगायचे.

—

निवती

माझा बाबा ट्रॉलरवर होता, मी पण चार वर्षं होतो. जाळ्यात खोलातून कधी कधी मऊ गोळे यायचे, द्राक्षासारखे. आम्ही त्यांना काही नाव दिलं नव्हतं, परत टाकायचो. ते यातलेच असतील काय?

—

वाळूकण

निवतीदादा, ट्रॉलर जातात तेवढ्या खोलीवर बरेच प्राणी असे गोळे करतात, समुद्रपिचकारी किंवा कुणाची अंडीही असतात. पण तुमच्या 'द्राक्षां'वरून मला अरबी समुद्रातलीच एक गोष्ट सांगायची संधी मिळाली.

२००० साली ओमानच्या बाजूच्या खोल तळावरून अँड्र्यू गुडे व सहकाऱ्यांनी ग्रोमिया स्फेरिका ही नवी जात वर्णन केली. द्राक्षाएवढा गोळा, आणि तो सगळा मिळून एक पेशी. सेंद्रिय भिंत, आत बराचसा गाळ. ग्रोमिया स्वतः फोरॅम नाही, पण त्यांच्या गोतावळ्यातली आहे. मग २००८ मध्ये मिखाइल मात्झ यांच्या गटाला बहामाजवळच्या तळावर असेच गोळे दिसले, आणि प्रत्येकाच्या मागे गाळात लांब चर उमटलेली. गोळा सरकतो, अतिशय सावकाश, आणि मागे रेघ राहते.

आता कँब्रियनच्या आधीच्या खडकांत अशा रेघा आहेत, आणि रेघ दिसली की 'इथून कृमी गेला, म्हणजे दोन बाजू सारख्या असलेले प्राणी तेव्हा होते' असं धरलं जायचं. या गोळ्यांनी तो निष्कर्ष डळमळीत केला. त्यातल्या काही रेघा एकाच पेशीने ओढलेल्या असू शकतात.

—

खाडीकाठ

ताई, आमच्याकडे रत्नागिरीजवळ खाडी आहे आणि अर्ध्या तासावर मोकळा किनारा. हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर काय करायचं? माझ्याकडे मुलीचा शाळेतला सूक्ष्मदर्शक आहे.

—

वाळूकण

तेवढा पुरतो. लाट परतताना वाळूवर हलक्या चुऱ्याची रेघ सोडते, तिथली मूठभर वाळू घ्या. खाडीत तिवरांच्या मुळाशी वरचा अर्धा इंच चिखल घ्या. दोन्ही वेगळे ठेवा. चिखल चहाच्या गाळणीतून गाळा, पुढे अगदी घट्ट विणीच्या कापडावर धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. कापडावर उरेल ते सावलीत पूर्ण वाळवा. काळ्या कागदावर पसरून आधी भिंगाने बघा. वाळलेलं थोडं पाण्यात अलगद सोडलंत तर हवा भरलेली काही कवचं तरंगून वर येतात, ती कुंचल्याने टिपा. किनाऱ्यावर अमोनिया नावाची फोरॅम (वायू नव्हे) नक्की मिळेल, वेटोळं घातलेली, काचेसारखी. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत याच जीवांवर पूर्वीच्या पावसाळ्यांचा अभ्यास झाला आहे, तेव्हा आपल्या किनाऱ्याला ही कवचं नवीन नाहीत.

—

खाडीकाठ

रविवारी केलं. मुलगी आणि मी दोघं. किनाऱ्याच्या वाळूत पांढरी, चकचकीत भरपूर मिळाली, वेटोळ्याची आणि एक लांबट, दुमडल्यासारखी. पण तिवरांच्या चिखलात पांढरं एकही नाही. पुन्हा दोनदा धुतलं. नुसते तपकिरी खरबरीत दाणे आहेत, काही वेटोळ्याचे आहेत, काही लांबट आणि किनाऱ्यावरच्या त्या दुमडलेल्यासारखेच दिसतात. आमचं काही चुकलं का?

—

वाळूकण

काहीही चुकलं नाही. तुम्ही जे केलंत ते मला पहिल्या वर्षी जमलं नव्हतं.

तपकिरी दाणे म्हणजे वाळू चिकटवून केलेली कवचं. तिवरांच्या चिखलात पाला कुजतो, पाणी आम्लधर्मी होतं, आणि चुन्याचं कवच जीव मेल्यावर विरघळून जातं. पांढऱ्या कवचांचे जीव तिथे कधी राहिलेच नाहीत असं म्हणता येणार नाही, पण आज त्यांचा मागमूस नाही. वाळूवाल्यांना आम्लाची भीती नाही. दुमडल्यासारखं लांबट तपकिरी कवच मिलिअॅमिना नावाच्या फोरॅमचं असतं. तिची बांधणी वाळूची, पण कप्प्यांची घडण हुबेहूब पांढऱ्या मिलिओलिडांची, आणि २००६ मध्ये जनुकं तपासल्यावर ती त्यांच्याच घरातली निघाली.

तो दाणा आणि किनाऱ्यावरचा दुमडलेला पांढरा दाणा शेजारी शेजारी ठेवून मुलीला दाखवा. आणि चिखल फेकू नका, डबीत वाळवून तारीख व जागा लिहून ठेवा.

—

भूस्तर

खाडीकाठ, डबीवर भरतीची वेळ आणि मुळापासूनचं अंतरही लिहा. पावसाळ्यानंतर त्याच जागेचा चिखल पुन्हा घ्या आणि इथे कळवा.

—

खाडीकाठ

लिहिलं. मुलीने डबीवर स्वतःचं नावही घातलंय. नोव्हेंबरमध्ये परत जातो.